जुन्या वस्तूंना नवे गिऱ्हाईक



आपल्या सरेतले क्लोव्हरडेल एकेकाळी जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी ओळखले जाई. अशा दुकानात शिरायला पुष्कळांना संकोच वाटतो. आपल्याला काय कळतंय, भाव काय विचारायचा! नुसती 'सेल'ची पाटी लावून हा संकोच जात नाही.

बीबीसीने १९७९ साली 'अँटिक्स रोडशो' सुरू केला, सीबीसीने २००५ मध्ये त्याची कॅनडातली आवृत्ती काढली. रीत साधी: घरची वस्तू आणा, जाणकार तिची कूळकथा सांगेल, मग किंमत. दुकानदारांनी असा एक दिवस आपल्यासारख्या संस्थेबरोबर ठेवावा. वस्तूमागे ठरावीक रक्कम देणगीपेटीत टाकावी. पथ्य एकच, त्या दिवशी समोरची वस्तू विकत घ्यायची नाही. भाव सांगणारा आणि घेणारा एकच असला की लोकांना शंका येते. विश्वास बसला, तर तीच माणसे पुढे दुकानात येतील.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभे केले. आपल्या घरचा आजीचा पानाचा डबा मात्र माहिती नसल्यामुळे मोडीत जातो. तो घेऊन या, आणि येताना मुलांनाही आणा.