आमची वारी आणि घरची वारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंढरीच्या वारीवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरांची वाट आम्ही आयुष्यात एकदाच, २०२४ साली, चाललो. ज्यांच्या घराण्यात वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे असा कोणी येथे असेल तर तो मनात हसेल, आणि त्याचे हसणे रास्तच होय. परंतु चिटणिसांनी आग्रह धरला, आणि आमच्याही मनात एक गोष्ट अडकून राहिली आहे, ती आपल्याच माणसांत बोलून टाकावी असे वाटले. ती ओघाने येईल.

आमचे वडील नोकरीनिमित्त येथे आले तेव्हा या शहराचे नाव मद्रास होते. आम्ही येथेच जन्मलो, येथेच बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालो. आई मात्र तरडगावची. लोणंद आणि फलटण यांच्यामध्ये पालखीचा मुक्काम पडतो तेच हे गाव. लहानपणी वारकऱ्यांना भाकऱ्या थापून घातल्याचे ती नेहमी सांगते. परंतु त्यांच्याबरोबर एक पाऊलही चालायला तिला मिळाले नाही. मुलीच्या जातीला कोण जाऊ देणार? पुढे लग्न झाले आणि ती मद्रासला आली. वयाच्या ८४ व्या वर्षी एके सकाळी चहा घेताना ती म्हणाली, “तू तरी जाऊन ये.” एवढेच. पण त्या ‘तरी’ने आमची झोप उडाली.

मंडळाच्या ग्रंथालयातून दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ आणून पुन्हा वाचले. पुस्तक १९६४ चे, वाट तीच. संत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला, आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी. हे बाबा शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. सैन्यातल्या माणसाची घडी त्या सोहळ्यात आजही दिसते. माउलींचे अश्व तर बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांकडून चालत येतात.

वाचन सोपे, चालणे अवघड. त्यात आम्हाला मधुमेह. आमच्या सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न, “अहो, चालाल खरे, पण गोळ्या वेळेवर घ्याल का?” मंडळातील एका डॉक्टर मित्रांनी आहार आणि औषधांचे वेळापत्रक आखून दिले. जानेवारीपासून मरीनावर दीपगृह ते नेपिअर पूल अशा फेऱ्या सुरू केल्या. कार्यालयातील एका तमिळ सहकाऱ्यांनी पळणीची पदयात्रा अनेकदा केलेली. तैपूसमला चेट्टिनाडकडून हजारो माणसे पायी पळणीला जातात हे आपण जाणताच. त्यांनी आम्हाला पौर्णिमेच्या रात्री तिरुवण्णामलैला नेऊन १४ किलोमीटरांची गिरिप्रदक्षिणा अनवाणी घडवली, आणि एकच उपदेश केला, “सार, नवे बूट घालून निघू नका.” आमच्या रजेच्या काळातला कार्यभारही त्यांनीच आपणहून घेतला. आम्हाला शरम वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हे गृहस्थ भजनसंप्रदायातले. तंजावरकडे मराठ्यांच्या राज्यापासून अभंग रुजले आहेत, ते त्यांना मुखोद्गत. आणि आम्ही जन्माचे मराठी, आमची मजल दोन अभंगांच्या पलीकडे जात नव्हती. निघण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडून आणखी आठ पाठ करून घेतले.

आईने आपलीही वारी ठरवली. घराच्या व्हरांड्यात रोज शंभर फेऱ्या, आणि दर फेरीला वाटीत एक चिंचोका. ती म्हणाली, “तू तिकडे चाल, मी इकडे चालते.”

२९ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. दिंडीत भिशी भरली की जेवणाखाण्याची आणि राहुटीची व्यवस्था होते, सामान ट्रकमधून पुढे जाते. माणसाने फक्त चालायचे. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत खडतर. दिवे घाट चढताना टाळमृदंगाने पाय उचलले जातात, परंतु सासवडला मोजे काढले तेव्हा दोन्ही टाचांना फोड. दिंडीतील एका मावशींनी सुई-दोरा घेतला, फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवला. पाणी निथळून गेले. डॉक्टर मित्रांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते पाच मिनिटे आमच्यावर ओरडत होते. मधुमेह्याच्या पायाशी असा खेळ करू नये हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि येथे बसलेल्या कोणीही आमचे अनुकरण करू नये.

मुक्कामावरची समाजआरती हा सोहळा आम्हा सरकारी माणसांनी मुद्दाम पाहावा. सगळ्या दिंड्या गोळा होतात, चोपदार दंड उंचावतात आणि एवढा प्रचंड समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तेथे जाऊन तक्रार ऐकून घेतात, तेव्हा टाळ थांबतात. मग हरवले-सापडले याची घोषणा होते. तक्रारनिवारणात आमची तीस वर्षे गेली. टाळांपुढे आमच्या नोंदवह्या फिक्या वाटल्या.

नीरेच्या पुलाजवळ पादुकांना स्नान झाले, पालखी सातारा जिल्ह्यात आली, आणि लोणंदला आमचा धीर सुटला. एक टाच सुजली होती. एस. टी.ने पुणे गाठावे असा मनाशी निश्चय झाला. परभणीकडचे एक शेतकरी शेजारी झोपत. त्यांनी काही उपदेश केला नाही. सकाळी उठून पाहतो तो आमची खांद्यावरची पिशवी त्यांच्या खांद्यावर. आता पिशवीमागे जाणे भाग होते.

चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण झाले. अश्व धावत गेले, लोक टापांखालची माती कपाळी लावू लागले. संध्याकाळी तरडगावहून आईला फोन केला. तिने एकेक गोष्ट विचारली: ओढ्याला पाणी आहे का, भाकरी कोणाच्या घरची खाल्लीस, सोबत पिठले होते की आमटी. आवाज नेहमीसारखा, किंबहुना अधिक उल्हसित. त्या आवाजावर आम्ही फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मजल मारीत वाखरीला पोचलो. पायही हळूहळू बरा झाला.

१७ जुलैला आषाढी एकादशी. दर्शनाची रांग पाहून आम्ही कळसालाच हात जोडले आणि घरी फोन लावला. तेव्हा सौभाग्यवतींनी सांगितले, “आईंचा उजवा हात मनगटात मोडला आहे. प्लास्टर घातलंय.” कधी? आम्ही लोणंदला होतो त्या दिवशी, व्हरांड्यात फेऱ्या घालताना. म्हणजे तरडगावच्या गप्पा त्या माउलीने मोडल्या हाताने मारल्या होत्या!

दहा दिवस हे आमच्यापासून लपवले गेले. रात्री आईला रुग्णालयात नेले ते आमच्या तमिळ सहकाऱ्यांनी. डॉक्टर मित्रांना ठाऊक होते. मंडळाच्या ज्या स्नेह्यांनी फलटणला फोन करून आमचे अभिनंदन केले त्यांनाही ठाऊक होते. आज या सभागृहात त्यांतील किमान सहाजण समोर बसले आहेत आणि आमच्याकडे पाहण्याचे टाळीत आहेत.

आपण सर्वांनी आम्हाला वारी घडवली याचे ऋण आहेच. परंतु राग आला होता, तोही खरा. सरकारी सेवेत माहिती दडवणे हा गंभीर दोष. मनगटाऐवजी खुबा मोडला असता तर? “तर कळवलं असतं,” असे सौभाग्यवती म्हणतात. कोठवर लपवायचे याची रेघ त्यांनी आखली होती म्हणे. ती आखण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असे विचारले तर उत्तर मिळते, “आईंनी.” आणि आईला विचारले तर ती म्हणते, “लोणंदहून परत आला असतास, आणि तुझी वारी माझ्या हातापायी मोडली असं जन्मभर मला वाटत राहिलं असतं.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि अद्यापही नाही.

सोलापूरहून गाडी धरून घरी आलो. आईने आधी आमचे तळवे पाहिले, मग आम्ही तिचे प्लास्टर. चिंचोक्यांची वाटी टेबलावरच होती. पडल्यानंतरच्या फेऱ्या आमच्या कन्येने कॉलेजातून आल्यावर घातल्या होत्या, आणि आजी खुर्चीत बसून डाव्या हाताने चिंचोके टाकीत होती. एक दिवसही चुकला नव्हता.

पुन्हा एकदा जाण्याचा विचार आहे. या खेपेस घरात काहीही झाले तरी त्याच दिवशी कळवावे, अशी अट आम्ही घातली आहे. सौभाग्यवती राजी आहेत. आईने ती अजून मान्य केलेली नाही.