गोबर गॅस बनवणारा जीव बॅक्टेरिया का नाही?

गावाकडे गोबर गॅसची टाकी पाहिलीय ना? शेण-पाणी कालवून आत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही. थोड्या दिवसांनी मिथेन तयार होतो आणि शेगडी पेटते.

हा मिथेन कोण बनवतं? मीही बिनधास्त सांगायचो, "बॅक्टेरिया!" चूक. शेण कुजवण्याचं सुरुवातीचं काम बॅक्टेरिया करतात, हे खरं. पण शेवटी मिथेन बनवणारे जीव वेगळे. त्यांचं नाव आर्किया.

शाळेत आपण व्हिटेकरच्या पाच सृष्टी पाठ केल्या. ती मांडणी 1969ची. त्यात केंद्रक नसलेले सगळे एकपेशीय जीव 'मोनेरा' नावाच्या एकाच पोत्यात भरले होते.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं, की सूक्ष्मजीव गोल आहे की काठीसारखा, यावरून नातं कसं कळणार? प्रत्येक सजीवात असतं असं काहीतरी तपासा. त्यांनी रायबोसोम निवडला. हा पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. त्यातला आरएनए फार हळू बदलतो, म्हणून जुनी नाती त्यात टिकून राहतात.

तेव्हा आजच्यासारखी मशिन नव्हती. आरएनएचे तुकडे करायचे, एक्स-रे फिल्मवर त्यांचे ठिपके उमटवायचे आणि डोळ्यांनी जुळवत बसायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. मग सहकारी राल्फ वुल्फ यांच्याकडचे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तपासले, तर बॅक्टेरियाच्या ओळखीच्या खुणाच सापडेनात! सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला बॅक्टेरिया, आतून तिसरंच घराणं.

1977 साली वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी हे छापलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली, पण अनेक शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. एका नोबेल विजेत्याने तर वुल्फना फोन करून यातून अंग काढून घ्यायला सांगितलं. वोज मागे हटले नाहीत. 1990मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत तीन अधिक्षेत्रं, म्हणजे डोमेन, मांडली: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. आपण, आंबा, भूछत्र, अमीबा, केंद्रकवाले सगळे तिसऱ्यात.

गोष्ट इथे संपत नाही. 2015मध्ये आर्क्टिक भागातल्या समुद्रतळाच्या गाळात एका नव्या आर्कियाचा डीएनए मिळाला. त्यात अशी जनुकं होती, जी फक्त केंद्रकवाल्यांकडेच असतात असं वाटायचं. त्यामुळे आता बरेच संशोधक म्हणतात, आपण वेगळं घराणं नाहीच, आर्कियाच्याच झाडाला फुटलेली फांदी आहोत. तसं असेल तर मूळ अधिक्षेत्रं दोनच उरतात.

परीक्षेत पुस्तकातलंच लिहा, नाहीतर मार्क जातील! पण पुढच्या वेळी गोबर गॅसची निळी ज्योत दिसली, की टाकीतल्या त्या लांबच्या भाऊबंदांची आठवण ठेवा. भेटू पुढच्या भागात.