जिथं कुणीच मूळचं नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं नाव ऐकलं की एक प्रश्न हमखास येतो, 'तुम्ही मूळचे कुठले?' 'भवानी पेठेतला' म्हटलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही. 'तसं नाही हो, त्याच्या आधी?' आज अशा एका जागेविषयी बोलणार आहे, जिथं हा प्रश्न कुणालाच विचारता येत नाही.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटर आत, बर्फाच्या पसाऱ्यात उघड्या खडकाचं जणू एक बेट आहे. भोवती पाण्याऐवजी बर्फ, एवढाच फरक. लांबी सतराएक किलोमीटर, रुंदी फार तर तीन. शंभरावर लहानमोठी तळी. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतल्या एका वैमानिकावरून त्याला शिरमाकर म्हणतात. झाड औषधालाही नाही. खडकाला धरून आहे ते शेवाळ, आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची दूरची भावंडं. हिवाळ्यात दोनेक महिने सूर्य उगवत नाही, उन्हाळ्यात तेवढाच काळ मावळत नाही. तिथं मगरिबची नमाज कोणत्या सूर्यास्ताला पढायची, असा प्रश्न मला पडला होता!

या बाजूला आपली माणसं गेली ती गोव्याहून. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे नॉर्वेजियन जहाज एकवीस जणांना घेऊन निघालं. नेते होते सागरविज्ञानाचे अभ्यासक डॉ. सय्यद जहूर कासिम. मोहीम गुप्त होती. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले, तेव्हा मी शाळेत होतो. बातमी फुटल्यावर गुरुजींनी नकाशातला तळाचा पांढरा पट्टा दाखवला आणि म्हणाले, 'इथं कुणाचंच गाव नाही.' मला उगाचच बरं वाटलं होतं.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेनं तिथं घर बांधलं, 'दक्षिण गंगोत्री'. या मोहिमेत पुणे विद्यापीठात शिकलेल्या, औंधच्या अप्पासाहेब पंतांच्या कन्या डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक. पण हे घर समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर होतं. दरवर्षी बर्फ साचत गेलं, घर खाली खाली जात राहिलं आणि १९९० मध्ये ते सोडावं लागलं. तोवर शिरमाकरच्या पक्क्या खडकावर 'मैत्री' उभं राहिलं होतं. शेजारच्या तळ्याला आपण प्रियदर्शिनी नाव दिलं. तिथं आजही माणसं आळीपाळीनं जातात. वर्षभर राहतात, हवामान नोंदवतात, आणि परततात. कायमचं कुणी राहत नाही.

आणि जमीन कुणाची? नॉर्वेनं १९३९ मध्ये दावा सांगितला होता. पण १९५९ च्या अंटार्क्टिक करारानं असे सगळे दावे जिथल्या तिथं गोठवले. भारत या करारात १९८३ मध्ये सामील झाला. दावा कुणी मागे घेतलेला नाही आणि सातबाराही कुणाच्या नावावर नाही. तरीही कामं चालतात. शिरमाकरवर तर आपल्या 'मैत्री'पासून चार-पाच किलोमीटरवर रशियाचं केंद्र आहे. वादळात कुणी कुणाला मूळ गाव विचारत नसणार.

मात्र पत्ता आहे. 'दक्षिण गंगोत्री'त १९८४ मध्ये टपाल कार्यालय उघडलं, नंतर 'मैत्री'त आलं, आणि ५ एप्रिल २०२४ ला 'भारती' या दुसऱ्या केंद्रात. गोवा टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात येतो, म्हणून 'भारती'ला प्रायोगिक पिन मिळाला, एमएच-१७१८. त्या ओसाड बर्फावर महाराष्ट्राची दोन अक्षरं! तिकिटांचे शौकीन पत्रं गोव्याला पाठवतात, ती जहाजानं दक्षिणेला जातात आणि शिक्का घेऊन परत येतात.

यंदा मीही एक पाकीट पाठवणार आहे. वर पत्ता माझाच, भवानी पेठेचा. शिक्का घेऊन ते परत आलं की भिंतीवर लावेन. मग कुणी विचारलंच, 'मूळचे कुठले?', तर त्याच्याकडे बोट दाखवेन. माणूस जिथून निघतो आणि जिथं त्याचं पत्र परत येतं, तेच त्याचं गाव.