खेळावर भाकरी किती दिवस?

श्रोतेहो, खेळात रमलेल्या मुलाला घरातली मोठी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात, 'खेळून काय पोट भरणार आहे का?' २०२१ साली फिलिपिन्समधल्या हजारो घरांनी या प्रश्नाला 'हो' असे उत्तर दिले होते. मोबाइलवर एक खेळ खेळायचा, त्यात मिळालेली डिजिटल नाणी विकायची आणि त्या पैशांवर तांदूळ, वीजबिल, औषधपाणी भागवायचे. काही महिने हे खरोखर चालले. मग ते का थांबले, हे आपणही समजून घ्यायला हवे. कारण असे खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात आणि आपल्या पोरांच्या मोबाइलपर्यंतही पोचतात.

त्या खेळाचे नाव 'ॲक्सी इन्फिनिटी'. व्हिएतनामच्या 'स्काय मॅव्हिस' या कंपनीने तो २०१८ साली आणला. ॲक्सी हे गुबगुबीत, गमतीदार, काल्पनिक प्राणी. तीन प्राणी विकत घ्यायचे, त्यांची दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंज लावायची. जिंकले की एक नाणे मिळायचे. त्याचे नाव होते 'स्मूद लव्ह पोशन', म्हणजे प्रेमाचे औषध! हे औषध लागायचे दोन ॲक्सींपासून तिसरा ॲक्सी जन्माला घालण्यासाठी. सगळी नोंद 'ब्लॉकचेन'वर. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक हिशेबवही. त्यामुळे प्राणी आणि नाणी खेळणाऱ्याच्या मालकीची. ती खेळाबाहेरच्या बाजारात विकता येत.

मार्च २०२० मध्ये फिलिपिन्समध्ये टाळेबंदी लागली आणि रोजंदारीवरची माणसे घरी बसली. मनिलाच्या उत्तरेला, भातशेतीच्या मुलखात कबानातुआन नावाचे शहर आहे. तिथल्या काही लोकांनी हा खेळ सुरू केला, त्यांचे पाहून शेजाऱ्यांनी. २०२१ मध्ये त्यांच्यावर एक लघुपट निघाला. त्यात छोटे दुकान चालवणारे वयस्क जोडपेही या खेळातून कमाई करताना दिसते. लघुपट जगभर पाहिला गेला आणि लोकांची रीघ लागली. त्याच वर्षाअखेर रोज खेळणाऱ्यांची संख्या २७ लाखांच्या घरात गेली.

मागणी वाढली तसे प्राणी महागले. तीन प्राण्यांची जोडणी कधी कधी हजार डॉलरच्याही वर जाऊ लागली. हातावर पोट असणाऱ्याने एवढे भांडवल कुठून आणायचे? त्यावर जी तोड निघाली, ती आपल्या खेड्यातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. पैसेवाल्याने प्राणी घ्यायचे, गरिबाने ते खेळवायचे, मिळकत वाटून घ्यायची. आपल्याकडे शेत किंवा शेळी अर्धलीने देतात, त्यातलाच हा प्रकार. 'यील्ड गिल्ड गेम्स' या फिलिपिन्समधल्या मोठ्या संघटनेच्या वाटणीत खेळणाऱ्याला ७० टक्के, त्याला शिकवून सांभाळणाऱ्याला २० आणि संघटनेला १० टक्के मिळत. मी शब्दांत वावरणारा माणूस, म्हणून मला यातल्या शब्दांचे नवल वाटते. प्राण्यांच्या मालकाला म्हणायचे 'मॅनेजर' आणि त्याच्यासाठी राबणाऱ्याला 'स्कॉलर', म्हणजे शिष्यवृत्तीधारक. कुळाला विद्यार्थी म्हटले की कूळ आणि मालक दोघांनाही बरे वाटते.

पण शेळीत आणि ॲक्सीत एक मोठा फरक आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. शेळी दूध देते, लेंडीखत देते, करडू देते. दूध पिणाऱ्याला शेळ्यांच्या धंद्यात पडायचे नसते. त्याला चहात दूध हवे असते, म्हणून तो पैसे मोजतो. ॲक्सीच्या औषधाचा मुख्य उपयोग एकच, आणखी ॲक्सी जन्माला घालणे. आणि तो नवा ॲक्सी कुणी घ्यायचा? नव्याने खेळायला येणाऱ्याने. म्हणजे आधी आलेल्याची कमाई मागून येणाऱ्याच्या खिशातून. कंपनीच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हा खेळ सध्या नव्या येणाऱ्यांवर अवलंबून आहे, अशी कबुली होती. त्यामुळे याला सरसकट फसवणूक म्हणणे बरोबर नाही. लपवलेले काही नव्हते. पण लिहिलेले वाचायला उसंत कुणाला होती?

आता हिशेब पाहा. झुंज जिंकली की नवे नाणे तयार होई आणि अशा नाण्यांना एकूण मर्यादा नव्हती. जितके लोक जास्त खेळत, तितकी नाणी जास्त. ती खपायची तर नवे खेळाडू त्याहून वेगाने यायला हवेत. जुलै २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव ३५ सेंटांच्या वर गेला होता. त्या भावाने दिवसाला शंभर नाणी मिळवणाऱ्याचे सुमारे २,६०० रुपये होत. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला भाव एका सेंटच्या आसपास आला. तेवढ्याच खेळाचे, तेवढ्याच तासांचे पंचाहत्तर रुपये. पुरवठा कमी करण्यासाठी त्याच महिन्यात कंपनीने रोजच्या ठरावीक कामगिरीबद्दल मिळणारी नाणी बंद केली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने उपाय योग्यच. पण खेळणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ मजुरी कापली, एवढाच होता. तो भाव पुन्हा कधी आला नाही.

मार्च २०२२ मध्ये या खेळाच्या तिजोरीवर मोठा दरोडाही पडला. साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली आणि सहा दिवस कंपनीला पत्ताच नव्हता. अमेरिकेच्या एफबीआयने पुढे उत्तर कोरियाशी संबंधित 'लाझारस' टोळीचे नाव घेतले. कंपनीने गुंतवणूकदारांकडून पैसा उभारला आणि जूनमध्ये व्यवहार पुन्हा सुरू केले. खेळ दरोड्यामुळे बुडाला, असे काहीजण म्हणतात. पण तारखा पाहा. नाण्याचा भाव दरोड्याच्या आधीच कोसळला होता. चोर आले तेव्हा घराचा वासा मोडलेलाच होता.

मग खेळातली कमाई टिकतच नाही का? टिकते, पण एका अटीवर. कुणीतरी निव्वळ आनंदासाठी पैसे मोजायला हवेत. क्रिकेटपटूला पैसा मिळतो, कारण लाखो लोकांना सामना पाहायचा असतो. त्यांना त्यातून कमवायचे नसते. आइसलंडच्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ २००३ पासून चालू आहे. त्यातही चलन आहे, बाजार आहे. २००७ मध्ये तर त्या बाजारावर लक्ष ठेवायला कंपनीने एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. पण तिथे लोक महिन्याला वर्गणी भरतात ती खेळायला मिळावे म्हणून, पगार मिळावा म्हणून नव्हे. जिथे प्रत्येकजण काढायलाच आला आहे, तिथे घालणार कोण? भिशीत बारा जण घालतात आणि बारा जण उचलतात, म्हणून भिशी चालते. नुसतीच उचलण्याची भिशी आजवर कुणी चालवलेली नाही.

ॲक्सीच्या लोकांना हे उमगले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी खेळाची नवी आवृत्ती आणली. त्यात सुरुवातीचे प्राणी फुकट मिळू लागले. आधी खेळ, मग कमाई, असा सूर लागला. दिशा बरोबर होती. पण गर्दी कमाईसाठी आली होती, ती कमाईबरोबर गेली. त्या गर्दीत शेवटी आले होते ते उसनवारी करून, महागात प्राणी घेऊन आलेले. सगळ्यांत जास्त त्यांचेच गेले. पहिल्या पंगतीला बासुंदी मिळाली आणि शेवटच्या पंगतीला पत्रावळी उचलाव्या लागल्या.

पैशांपलीकडेही काही गेले. जो माणूस पोटासाठी दिवसभर खेळतो, त्याला हरणे परवडत नाही. आणि हरणे परवडत नाही, तिथे खेळ संपून पाळी सुरू होते, कारखान्यातल्यासारखी. विटीदांडू खेळताना राज्य आले तर आपण हसत द्यायचो, कारण संध्याकाळची भाकरी त्यावर अवलंबून नसायची.

म्हणून, श्रोतेहो, उद्या तुमच्या घरातले पोर म्हणाले की मोबाइलवर अमुक खेळ खेळलो की पैसे मिळतात, तर त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि एवढेच विचारा, 'बाळा, यात पैसे घालतो कोण? आणि त्याला त्याच्या बदल्यात काय मिळते?' घालणाऱ्याला आनंद मिळत असेल, तर खेळ चार दिवस टिकेल. त्यालाही पैसेच हवे असतील, तर ते कुणाच्या खिशातून येणार, हे दोघे मिळून शोधा. बहुतेक वेळा तो खिसा आपलाच निघतो.