‘ऑल इंडिया’ म्हणजे कोण?

अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर ट्रकवर ‘ऑल इंडिया परमिट’ लिहिलेलं दिसतं. त्यासाठी फी भरावी लागते, कागद तपासले जातात. समाजाच्या नावाने बोलणाऱ्याकडे मात्र परमिट कोणी मागत नाही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड १९७३ मध्ये स्थापन झालं. टीव्हीवर ते नाव आलं, की देशातले सगळे मुसलमान बोलले असंच वाटतं. मग १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या सात स्त्रिया कुठल्या इंडियातल्या? ‘अखिल भारतीय’ म्हटलं तरी तोच रुबाब; संस्कृत आहे, एवढंच. मी साधं ‘देशभरातले’ म्हणतो. मग लगेच विचारता येतं, म्हणजे कोण कोण? उल्हासनगरातल्या आपल्या बायकांना कुणी विचारलं होतं का?