‘उफ्’ हा शब्द



मुलांनीं आई-बापांशीं कसें बोलावें, यासंबंधीं कुराणाच्या १७ व्या अध्यायांत जी आज्ञा आहे, तिच्यांत एका अगदीं लहानशा उद्गाराला मनाई आहे. तो उद्गार ‘उफ्’. आई-बाप वृद्ध झाले असतां त्यांना ‘उफ्’देखील म्हणूं नये, झिडकारूं नये, आदरानें बोलावें, असा त्या वचनाचा आशय. शिवी नव्हे, उलट उत्तरही नव्हे. नुसता कंटाळ्याचा सुस्कारा! तीच गोष्ट चौथ्यांदा सांगणाऱ्या म्हाताऱ्यापुढें तो आवरणें किती अवघड, हें ज्याच्या घरीं म्हातारें माणूस आहे त्याला सांगावयास नको.

हें वचन वडील माणसें मोठ्या आवडीनें ऐकवितात. पण महंमद पैगंबरांच्या सेवेस पोरवयापासून १० वर्षें असलेल्या अनसनें सांगून ठेवलें आहे कीं, तेवढ्या काळांत त्यांनीं आपणांस एकदांही ‘उफ्’ म्हटलें नाहीं. अनस कांहीं पोटचा मुलगा नव्हे. तरी शब्द तोच! ही दुसरी बाजू वडिलांच्या तोंडून क्वचितच ऐकूं येते.

हदीसमध्यें आणखी एक प्रसंग आहे. एका आईनें कांहीं देतें म्हणून मुलाला हांक मारली. काय देणार, असें पैगंबरांनीं विचारतांच ती म्हणाली, खजूर. कांहींच दिलें नसतें, तर तिच्या नांवावर एक असत्य मांडलें गेलें असतें, असें त्यांनीं तिला सांगितलें. ‘उद्यां बागेंत नेईन,’ असें रडत्या मुलाला सांगून मोकळें होणाऱ्यांनीं हा हिशेब अवश्य पाहावा.

मतभेद झाला तर? १९ व्या अध्यायांत इब्राहीम मूर्तिपूजक पित्याची समजूत घालतो. चारही वेळां आरंभ ‘या अबति’, म्हणजे ‘बाबा’, या आर्जवी हांकेनें. बाप दगडांनीं मारण्याची धमकी देऊन त्याला घालवून देतो. इब्राहीम आपलें मत सोडीत नाहीं. पण निघतांना बापाला शांति चिंतितो आणि त्याच्यासाठीं ईश्वराजवळ क्षमा मागण्याचें वचन देतो.

पुढें ३७ व्या अध्यायांत हाच इब्राहीम बाप म्हणून दिसतो. मुलाचा बळी देण्याचें स्वप्न त्याला पडलें आहे. तो तें मुलापासून लपवीत नाहीं, आणि त्याचें मत विचारतो. मुलाच्या उत्तराचा पहिला शब्द तोच: ‘या अबति’.