पंक्चरची थैली: सायकलस्वाराने बरोबर काय न्यावे

लांबच्या सायकल प्रवासात पंक्चरसाठी कोणते साहित्य जवळ असावे याचा विचार करताना सामान्यतः वस्तूंची यादी केली जाते आणि मग तिच्यातील प्रत्येक वस्तूचे वजन, किंमत व दर्जा यांवर चर्चा होते; परंतु वाटेत काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न त्या यादीच्या आधीचा आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचे उत्तर पुष्कळसे ठरलेले आहे. येथील वर्दळीच्या रस्त्यांवर, पेट्रोल पंपाच्या शेजारी, ढाब्यासमोर किंवा गावाच्या फाट्यावर, जुने टायर टांगून बसलेली पंक्चरची टपरी दिवसाउजेडी दुर्मीळ नसते. तेथे कॉम्प्रेसरची हवा, पाण्याचे घमेले, कानस, सोल्युशन आणि सराईत हात मिळतात. मिळत नाहीत त्या केवळ अरुंद चाकाच्या सायकलीला लागणाऱ्या वस्तू, कारण टपरीचे गिऱ्हाईक मोटारसायकल आणि ट्रक हे असते. तेव्हा टपरीवर जे मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, ते थैलीत सर्वांत आधी जावे, हा निवडीचा पहिला निकष मानता येईल.

रस्त्यावर पंक्चर काढता येणे हीच मुळात टायरच्या इतिहासातील नंतरची सोय आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्टमध्ये हवेच्या टायरला व्यवहारात आणले, तेव्हा तो टायर रिमला पक्का चिकटवलेला असे आणि पंक्चर काढणे हे कारखान्यातले काम होते; 1891 मध्ये मिशलँ बंधूंनी रिमपासून सुटा करता येणारा टायर तयार केला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ या स्वाराने तो वापरून पहिलीवहिली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यत जिंकली, तेव्हापासून स्वाराने स्वतः टायर उघडावा ही कल्पना रूढ झाली. भारतातील काळ्या रोडस्टर सायकलीवर तर कारागीर चाक फ्रेममधून काढतही नाही. टायरची एक कड रिमबाहेर घेऊन तेवढीच ट्यूब ओढतो, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो आणि ठिगळ लावून ती परत आत सारतो. ज्याच्या चाकाला क्विक रिलीझ नसून नट आहेत, त्यानेही त्या मापाचा पाना न्यायचा की ही जुनी रीत शिकून घ्यायची, याचा विचार करावा. दुसरा पर्याय वजनाने निश्चितच हलका आहे.

खरी अडचण व्हॉल्व्हपाशी येते. व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबला हवा घेऊ देणारे आणि परत न सोडणारे तोंड, आणि ते तीन प्रकारचे आढळते: रोडस्टरवरचे, ज्यात धातूच्या खुंटीवर रबराची वालट्यूब चढवलेली असते, मोटारसायकलीसारखे जाड, ज्याला श्रेडर म्हणतात, आणि बारीक देठाचे प्रेस्टा, ज्याच्या टोकाचा छोटा नट सैल केल्याखेरीज हवा आत जात नाही. प्रेस्टासाठी रिमला सुमारे 6.5 मिलिमीटरचे भोक असते, तर श्रेडरला सुमारे 8.5 मिलिमीटरचे लागते, म्हणजे तालुक्याच्या गावी मिळालेली जाड व्हॉल्व्हची ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये बसतच नाही. मापाचीही हीच गत आहे: रोडस्टरच्या 28 इंची टायरची बैठक 635 मिलिमीटर व्यासाची आणि 700 सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टायरची 622 मिलिमीटरची, व्यासातील हा फरक ट्यूब कदाचित सोसेल, पण तिची रुंदी 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये दुमडूनच राहील. म्हणून स्वतःच्या मापाची, आणि रिम खोल असल्यास लांब देठाची, एक ट्यूब जवळ असणे याला पर्याय नाही. तिच्याबरोबर प्रेस्टावर फिरवून बसवायचा पितळी अडॅप्टर हवा. काही ग्रॅम वजनाच्या आणि अल्प किमतीच्या या तुकड्याने रस्त्यावरचे प्रत्येक कॉम्प्रेसर आपले होते, आणि तरीही उत्तम पंपावर खर्च करणारे पुष्कळ स्वार तो विसरतात, हे थोडे नवलाचेच आहे. मात्र ट्रकच्या टायरसाठी लावलेली हवा एवढ्याशा ट्यूबमध्ये सेकंदांत मर्यादा ओलांडते, त्यामुळे टायर रिममध्ये सगळीकडे नीट बसला आहे हे पाहून आणि नळी क्षणभर लावून, काढून, पुन्हा लावून ती भरून घ्यावी लागते.

छिद्र कशाने पडते यावरही थैलीतील एक वस्तू ठरते. पठारावरील कोरड्या भागात बाभळीचे व वेड्या बाभळीचे काटे, पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला पसरणाऱ्या सराट्याची टोकदार फळे आणि महामार्गाच्या कडेने फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या केसासारख्या पोलादी तारा, ही तीन मुख्य कारणे होत. त्यांपैकी तार सर्वांत फसवी, कारण ती टायरच्या रबरात रुतून बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूब काही किलोमीटरमध्ये पुन्हा भोसकते. तिच्यासाठी बारीक टोकाचा चिमटा लागतो. बोटांनी ती निघत नाही. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कोणत्या बाजूने बसली होती हे लक्षात ठेवल्यास व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून टायरवरील नेमकी जागा सापडते, आणि तरीही आतून फडके फिरवावे, उघडे बोट फिरवू नये. शेजारी शेजारी दोन छिद्रे आढळली तर काटा शोधण्यात अर्थ नसतो, कारण हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर आदळून ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चेपली गेलेली असते. तेथे दोष हवेच्या दाबाचा आहे.

ठिगळ आणि ट्यूब यांत निवड करावी लागत नाही, पण त्यांचा क्रम ऋतूनुसार बदलतो. सोल्युशन हे साधा डिंक नव्हे. विद्रावकात विरघळलेले रबर आणि त्याला घट्ट करणारे रसायन असे ते मिश्रण असते, आणि ठिगळाच्या खालच्या थराशी त्याचा संयोग होऊन सांधा तयार होतो. त्यासाठी ट्यूब कोरडी व घासलेली हवी आणि सोल्युशन लावल्यावर बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायला हवे. घाईने ओलसर सोल्युशनवर दाबलेले ठिगळ हमखास सुटते. ताम्हिणीच्या घाटात जुलैमध्ये हे जमण्याची आशा फारशी नाही, शिवाय भिजलेल्या रबरात काच व गारगोटीचे तुकडे अधिक सहज शिरतात, म्हणून पावसाळ्यात दोन ट्यूबा आणि ठिगळे शेवटचा आधार म्हणून, तर उन्हाळ्यात एक ट्यूब व भरवसा ठिगळांवर, असा हिशेब करता येतो. सोल्युशनची एकदा उघडलेली ट्यूब विद्रावक उडून गेल्यामुळे काही महिन्यांत आतल्या आत सुकते. तेव्हा थैलीत नेहमी न उघडलेलीच असावी. सोल्युशनशिवायची चिकट ठिगळे सोयीची असली तरी त्यांचा सांधा केवळ चिकटपणावर टिकतो आणि ती घरी पोहोचण्यापुरती मानावीत.

पंपाबाबत दुकानातील जाहिरातीपेक्षा साधे गणित उपयोगी पडते. 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये जेमतेम एक लिटर जागा असते आणि 80 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 80 पौंड, इतका दाब आणायचा तर बाहेरची सुमारे साडेपाच लिटर हवा आत कोंबावी लागते. 20 मिलिमीटर व्यासाच्या आणि 15 सेंटिमीटर दांड्याच्या पंपातून एका दाबात सुमारे 47 घन सेंटिमीटर हवा जाते, म्हणजे गळती न धरताही जवळपास 120 वेळा दाबावे लागते, पण शेवटी हातावर येणारा जोर 18 किलोच्या आतबाहेर राहतो. तोच व्यास 30 मिलिमीटर केला तर 50 ते 55 वेळा दाबणे पुरते, मात्र शेवटचे दाब सुमारे 40 किलोचे होतात आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून ते बहुतेकांना झेपत नाहीत. जाड टायर आणि कमी दाब यांना रुंद पंप, अरुंद टायर आणि अधिक दाब यांना बारीक पंप, असा निष्कर्ष त्यातून निघतो. 16 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कार्ट्रिजमधून सामान्य तापमानाला सुमारे साडेआठ लिटर वायू निघतो, त्यामुळे असा टायर काही सेकंदांत भरतो. परंतु हा वायू ट्यूबच्या ब्यूटिल रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ पडते आणि कार्ट्रिज एकदाच वापरता येते. पंपाला ती पूरक आहे. पंपाच्या जागी तिच्यावर विसंबणे हा शर्यतीतला हिशेब आहे, प्रवासातला नव्हे.

टपरीच्या आधारावर उभा केलेला हा सारा विचार रात्री मात्र डळमळतो. ब्रेव्हे या नावाने होणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या सायकल सफरींत 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 400 साठी 27 तास आणि 600 साठी 40 तास मिळतात, वाटेत स्वारामागून मदतीची गाडी येऊ दिली जात नाही, आणि 400 पासून पुढे बहुतेकांची एक रात्र रस्त्यावर जातेच. पहाटे दोनच्या सुमारास महामार्गावर उघडी असलेली टपरी ट्रकची असते आणि आतल्या रस्त्यावर तीही नसते. अशा वेळी दोन ट्यूबा, ठिगळे, पंप, चिमटा, दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा डोक्यावरचा दिवा एवढे साहित्य किमान समजावे. त्यात जुन्या टायरच्या कापडी बाजूचा बोटभर तुकडाही असावा, कारण टायरच फाटला तर आतून तो लावल्याखेरीज ट्यूब फाटीतून फुगून बाहेर येते. काही रिमांवर काही टायर इतके घट्ट बसतात की प्लॅस्टिकचे लिव्हर मोडतात. आपले टायर व रिम तसे आहेत की नाहीत, हे सफरीच्या आदल्या आठवड्यात घरीच एकदा टायर उतरवून पाहावे.